कानोसे सरळ भिंगाकडेच का येतात

भिंगाचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे, आणि त्याचं पोट त्याच गुणावर चालत होतं.

तो व्हिडिओ गेम तपासायचा. कंपनी चौदा माणसांची, सोफ्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून दिवसभर फोम कापल्याची करकर आणि गोंदाचा वास वर यायचा. नव्या माणसाचं डोकं पहिले आठ दिवस दुखायचं, मग त्याला वास येणं बंद व्हायचं. भिंगाला अकरा वर्षांनंतरही यायचा, कारण आपल्याला वास येणं बंद झालंय का, हे तो रोज सकाळी जिन्यात थांबून तपासायचा.

घरीही तेच. दुधाची पिशवी सिंकवर उलटी धरून मिनिटभर बघायची. कुलूप लावून तीनदा ओढायचं, खाली उतरायचं, आणि चौथ्यांदा ओढायला वर यायचं. लग्न ठरवताना मुलीचा फोटो हातात आला, तर याचा पहिला प्रश्न, ‘हा कधीचा?’ सतरा वर्षं झाली, बायको अजून ऐकवते. ती घरीच शिवणकाम करायची. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश. नवऱ्यानं शर्टाची शिवण ओढून पाहिली की म्हणायची, "ओढा, ओढा. फाटली तर मीच शिवणार आहे."

लोकांना वाटायचं, काय सुखाची नोकरी आहे, दिवसभर गेम खेळायचा आणि वर पगार. पण भिंग खेळायचा नाहीच. तो भिंती घासायचा. गेममधल्या भिंती म्हणजे नुसतं चित्र. त्यांना मागून एक न दिसणारं कुंपण घालावं लागतं. ते कुठे राहून गेलं, तर खेळणारा भिंतीतून आरपार जातो आणि जगाच्या बाहेर, खाली, कायमचा पडत राहतो. म्हणून भिंग खोलीत शिरला की खांदा भिंतीला लावायचा, ‘पुढे’चं बटण दाबून धरायचा आणि सगळी खोली कडेकडेनं फिरायचा. एक खोली झाली की दुसरी. कोपरा आला की त्यात घुसून उभा राहायचा, कारण दोन भिंती जिथे भेटतात तिथेच फट राहते. शत्रू गोळ्या घालत असले तरी याचं आपलं कोपऱ्यात नाक खुपसणं चालूच. बघणाऱ्याला वाटावं, याला कुणीतरी शिक्षा म्हणून उभं केलंय.

कंपनीचा एकच गेम चालला होता. त्याचं नाव ‘निर्वात’. तुटक्या अंतराळ स्थानकावर एकटा उरलेला मेकॅनिक, हातात बंदूक, समोर बिथरलेले सैनिक; सगळं त्या मेकॅनिकच्या डोळ्यांनी बघायचं. आता त्याचा वाढीव भाग, म्हणजे एक्स्पान्शन, पुढच्या आठवड्यात मंगळवारी बाजारात जायचा होता. तोच मेकॅनिक, पण आता एका चंद्राच्या पोटातल्या खाणीत.

कंपनीत एक जुना रिवाज होता. कुठलीही वस्तू बाहेर जाण्याआधी भिंगानं एक कागद भरायचा. डावीकडे गुण, उजवीकडे दोष, दोषासमोर ज्याचं काम त्याचं नाव, खाली सही. सही नाही तर माल बाहेर नाही. कंपनीत चौघंच होते तेव्हा हा रिवाज पडला, आणि मालकांना तो आता बुटातल्या खड्यासारखा टोचत होता. त्याला कारणही होतं. मूळ गेमच्या वेळी भिंगानं नऊ दिवस सही अडवली. म्हणे एक दार कधी उघडतं, कधी उघडत नाही. नऊ दिवस चौदा माणसं त्या दारामागे लागली. दहाव्या दिवशी कळलं की भिंगाच्याच माऊसची वायर टेबलाच्या पायाखाली चेंगरली होती.

सोमवारी सकाळी मालकांनी त्याला आत बोलावलं. मालक त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण मालक ते मालकच.

"भिंगराव, बसा. यावेळी एक साधं ठरवू. ‘वाटतं’ हा शब्द मला कागदावर नको."

"बरं."

"दोष असेल तर मला दाखवायचा. मी समोर बसलेलो असताना. दाखवता आला तरच लिहायचा. नाही दाखवता आला आणि तरी तुम्ही सही अडवलीत, तर तपासणीला दुसरा माणूस. तुम्हाला मग तक्रारींच्या टेबलावर बसवेन."

तक्रारींचं टेबल म्हणजे दिवसभर गिऱ्हाइकांच्या चिडक्या पत्रांना ‘आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत’ असं लिहीत बसणं. दिलगिरीची त्याला हरकत नव्हती. पण तपासल्याशिवाय दिलगीर व्हायचं, हे त्याला जमणारं नव्हतं. दुसरं कुठलं काम आपल्याला येत नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. ते त्यानं तपासलेलं होतं.

तो जागेवर येऊन बसला आणि खाणीत उतरला.

पहिला टप्पा पाहून तो अस्वस्थ झाला, कारण तो चांगला होता. नवी बंदूक गोळी मारत नव्हती, दोरीचा आकडा फेकत होती. आकडा जड दगडाला अडकला तर दगड हलायचा नाही, आपणच त्याच्याकडे ओढले जायचो. हलक्या सैनिकाला अडकला तर सैनिक हातपाय झाडत आपल्याकडे यायचा. चंद्रावर वजन कमी, त्यामुळे सगळं तरंगत, उशिरा आणि भलत्याच ठिकाणी पडायचं. जिथे हवा नव्हती तिथे आवाजही नव्हता. फक्त शिरस्त्राणातला स्वतःचा श्वास आणि बुटांतून वर येणारी धडधड. भिंगानं दोन तास फट शोधली. सापडली नाही. त्यानं गुणांच्या रकान्यात लिहिलं, ‘आकडा उत्तम. शांतता उत्तम.’ लिहून झाल्यावर दोन्ही वाक्यांकडे संशयानं बघितलं, पण खोडली नाहीत.

बुधवारी दुसऱ्या टप्प्यात मात्र त्याला भिंतीवर एक पोचा दिसला.

बोगद्याच्या लोखंडी भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, बशीएवढा पोचा. असला पोचा त्यानं आधी पाहिला होता. मूळ गेममध्ये, स्थानकाच्या सातव्या दालनात, त्याच उंचीवर. त्यानं जुना गेम उघडला, दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावली. बोगदा नव्हताच तो. सातवं दालनच लाल रंग मारून, दिवे काढून, खाण म्हणून आणून बसवलं होतं. मग त्याचे हात थांबेनात. सैनिक जुनेच, टोप नवे. लिफ्टनं खाली जायला अडीच मिनिटं लागतात, तेवढ्यात मागे पुढचा नकाशा तयार होत असतो. शेवटचा राक्षस गोळ्या खाण्यापलीकडे काही करत नाही, खातो मात्र पोटभर. भिंगानं सगळं दोषांच्या रकान्यात उतरवलं, सगळ्यांत वर पोचा.

नकाशे बनवणारी मुलगी अठ्ठावीसची, ऑफिसात तिला सगळे नकाशेवाली म्हणायचे. कागदाची प्रत तिच्याकडे जायची. तिनं ती वाचली आणि खुर्ची मागे सरकवून त्याच्या टेबलाशी आली.

"दादा, पोच्याला पहिला नंबर?"

"ओळखीचा निघाला."

"ओळखीच्यांना असं पकडून देतात?"

"मी दिसलं ते लिहिलं."

"आणखी काही दिसत नाही ना तुम्हाला. भिंतीशिवाय."

ती गेली. त्या दिवसापासून तिनं त्याला ‘दादा’ म्हणणं बंद केलं. काहीच म्हणेना.

गुरुवारी तो तिसऱ्या टप्प्यात उतरला. वाढीव भागाची सगळी वाहवा जिच्यावर व्हायची होती, ती करामत इथे होती. इथले प्राणी आंधळे. मोठे, फिकट, डोक्याच्या जागी नुसती पाकळ्यांसारखी कानांची फुलं. त्यांना दिसत नाही, ते ऐकतात. ऑफिसात त्यांना कानोसे म्हणायचे. त्यांच्यावर गोळी चालत नाही. आवाज न करता उभं राहायचं, कानोसा हातभर अंतरावरून जाऊ द्यायचा, मग सटकायचं. नकाशेवालीनं आणि गेमचे आवाज बनवणाऱ्या आवाजवाल्यानं मिळून चार महिने त्यावर घालवले होते.

भिंग एका दगडी कोनाड्यात शिरला, आत तोंड करून गच्च उभा राहिला. लांबून कानोसा आला, थांबला, फुलं वळली, आणि सरळ येऊन त्यानं भिंगाला फाडला.

पुन्हा. दुसरा कोनाडा. पुन्हा फाडला. सात वेळा तो हललाही नाही, आणि सातही वेळा कानोसा नेम धरून आला.

"ह्यांना भिंतीपलीकडचं दिसतंय," तो आवाजवाल्याला म्हणाला. आवाजवाला त्याच्याच वयाचा, कानांवर कायम हेडफोन, एक कान उघडा. ‘भिंग’ हे नाव त्यानंच ठेवलेलं.

"भिंग्या, त्यांना डोळेच नाहीत."

"मग येतात कसे?"

"तू पाय वाजवत असशील."

"मी हललोच नाही. पावलांचा आवाज तुला आला का?"

आवाजवाल्यानं हेडफोन लावून ऐकलं. आवाज नव्हता. मग तो आपल्या टेबलावर जाऊन तेच खेळला. कोनाड्यात शिरला, हात डोक्यामागे घेऊन खुर्चीत रेलला. कानोसा आला, हुंगल्यासारखं केलं, निघून गेला. नकाशेवालीच्या टेबलावर तेच. हिशेबनीस बाईंच्या टेबलावरसुद्धा तेच, आणि त्यांनी तर आयुष्यात पहिल्यांदा गेम हातात घेतला होता.

म्हणजे कानोसे फक्त भिंगालाच ओळखत होते.

त्याच्या डोक्यात आता एकच गोष्ट घोळू लागली. बुधवारी पोचा लिहिला, गुरुवारी हे. मालकांनी बजावलेलं सगळ्यांना माहीत. भिंग सही अडवणार, दाखवायला बसणार, आणि बाकी सगळ्यांच्या टेबलांवर गेम लोण्यासारखा चालणार. पुन्हा वायरचं प्रकरण. मग तक्रारींचं टेबल. हे घडवायला काय लागतं? ज्याला नकाशे करता येतात त्याला एवढंच लिहायचं की अमुक माणसाच्या नावानं गेम चालू असेल तर कानोशांनी सरळ जावं.

त्यानं एक छोटी वही काढली. ‘बुधवार संध्याकाळ, टेबलापाशी काळं जाकीट घातलेली व्यक्ती, पाठमोरी.’ ‘गुरुवार, जेवणानंतर, आवाजवाला व नकाशेवाली हसत होते, मी गेल्यावर थांबले.’ ‘शुक्रवार, कीबोर्ड बोटभर डावीकडे.’ शुक्रवारी जाताना त्यानं कीबोर्डच्या कडेनं टेबलावर पेन्सिलीची बारीक रेघ मारली. शनिवारी सकाळी कीबोर्ड रेघेवरच होता. तेही त्यानं लिहिलं: ‘रेघ लक्षात आलेली दिसते.’

शनिवारी आवाजवाला वैतागून म्हणाला, "ऊठ. मी बसतो तुझ्या खुर्चीत, तुझ्या नावानं."

तो बसला, कोनाड्यात शिरला, रेलला. कानोसा आला आणि गेला.

"झालं समाधान?"

"तिनं मधल्या वेळात काढलं," भिंग म्हणाला.

"कुणी?"

भिंग कीबोर्ड रेघेशी जुळवून ठेवू लागला. आवाजवाल्यानं त्याच्याकडे बघितलं, मग नकाशेवालीच्या टेबलाकडे, आणि उघडा कानही हेडफोननं झाकून घेतला.

संशयाची एक सोय असते, त्याला कुठलाही पुरावा चालतो. गेम नीट चालला तरी तिनं केलं, नाही चालला तरी तिनंच केलं. भिंगाला हे कळत नव्हतं असं नाही. पण सोमवारी कागद द्यायचा होता.

त्यानं शनिवारी संध्याकाळी आपला कॉम्प्युटर सरळ रिक्षात घालून घरी आणला. रविवारी सकाळी खिडकीपाशी टेबलावर मांडला. नेटची वायर जोडलीच नाही, म्हणजे कुणाला बाहेरून काही करता येऊ नये. नावही बदललं, सासऱ्याच्या नावानं गेम चालू केला. शेजारी बायको मशीनवर जाड पडदे शिवत होती.

कोनाडा. श्वास. कानोसा आला, वळला, आणि फाडला.

आता नकाशेवालीवर ढकलायलाही काही उरलं नव्हतं. इतका वेळ भिंगाला राग तरी होता. तो गेल्यावर मोकळ्या जागी भीती येऊन बसली. वायरच्या वेळी होतं तसंच हे. चूक माझ्यातच आहे, मला ती सापडत नाही, आणि उद्या मालकांसमोर बसायचंय.

"अहो, किती वेळा मरणार?" बायको म्हणाली.

"मी हलत नाही तरी येतात."

"हलत नाही?"

"बघ ना. उभा आहे की नाही?"

तिनं पडदा मांडीवर घेतला आणि बघितलं. स्क्रीनकडे नाही, त्याच्या हाताकडे.

"बोट कुठे आहे?"

"कुठलं?"

"हे. नख पांढरं पडलंय."

भिंगानं खाली बघितलं. मधलं बोट ‘पुढे’च्या बटणावर होतं, आणि इतकं दाबलेलं की नखातलं रक्त उतरलं होतं. कोपऱ्यात शिरल्यावर बटण सोडायचं असतं, हे अकरा वर्षांत त्याच्या बोटाला कुणी सांगितलंच नव्हतं.

"भिंत आहे पुढे. दाबलं तरी कुठे जातोय मी?" तो म्हणाला, पण आवाज ढिला पडला होता.

"माझ्या मशीनला विचारा," ती म्हणाली. "जाड शिवणीत सुई अडकते. कापड हलत नाही, टाका पडत नाही. पण पाय पेडलवर असेल तर मोटर आत घुंघुं करतच असते. मागे एकदा जळायला आली होती."

भिंगानं बोट उचललं. कानोसा आला. फुलं उघडली, मिटली. दाराला कान लावणाऱ्या माणसासारखा तो थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

मग त्यानं बोट ठेवलं. कानोसा परत फिरला.

"पुन्हा," भिंग म्हणाला, आणि तेवीस वेळा केलं. बायको अकराव्या वेळी उठून पडद्याची दुसरी बाजू शिवायला लागली.

सोमवारी सकाळी मालकांच्या खोलीत चौघंच होते. मालक, भिंग, आवाजवाला आणि दाराला टेकून नकाशेवाली. भिंगानं सगळं करून दाखवलं. बोट ठेवलं की येतो, उचललं की जातो.

आवाजवाल्यानं हेडफोन गळ्यात घेतले. "हे माझं आहे," तो म्हणाला. "भिंतीला अडकलेला माणूस जागच्या जागी पावलं वाजवायचा. हास्यास्पद वाटायचं. म्हणून वेग शून्य असला की पावलं ऐकू येऊ नयेत असं केलं मी. खेळणाऱ्याला."

"आणि कानोशांना?" मालकांनी विचारलं.

"कानोशांना पावलांची खबर माझ्याकडून जाते," नकाशेवाली म्हणाली. "ती बटणावरून जाते. आवाज बंद झालाय हे मला सांगितलंच नाही कुणी."

"म्हणजे खेळणाऱ्याला शांत वाटतंय आणि त्यांना चालणं ऐकू येतंय."

"हो."

मालकांनी घड्याळाकडे बघितलं. मंगळवारला एक दिवस होता. "पण भिंगराव, खरं सांगा. बटण दाबून कोपऱ्यात कोण उभं राहतं? तुमची ही भिंत घासायची खोड. गिऱ्हाईक लपलं की हात सोडून बसतं. हिशेबनीस बाईंनी सोडला होता."

"बाई घाबरल्या नव्हत्या मालक. त्यांना कानोसा आवडला होता."

"मग?"

"घाबरलेला माणूस हात सोडत नाही. घट्ट धरतो."

"हे तुम्हाला वाटतं."

तो शब्द टेबलावर येऊन पडला. आवाजवाला छताकडे बघू लागला. भिंगानं खुर्ची मागे घेतली आणि मालकांकडे वळवली.

"मालक, तुम्ही तिसरा टप्पा खेळलात का कधी?"

मालक पहिल्या टप्प्यापुढे गेले नव्हते. त्यांना वेळ नसायचा. ते जरा हसले, बाह्या सारल्या आणि बसले. नकाशेवालीनं कुणी न सांगता दिवा बंद केला आणि हेडफोन मालकांच्या कानांवर चढवले.

पहिली दोन मिनिटं मालक बोलत होते. खाण छान दिसतेय, पाण्याचे थेंब छान आहेत. मग कुठेतरी मागे काहीतरी घासलं आणि मालक बोलायचे थांबले. त्यांनी एक लोखंडी कपाट पाहिलं आणि त्यात घुसले. फटीतून पिवळट उजेड येत होता. त्या उजेडात कानांचं फूल हळूहळू वळलं. मालकांची मान खांद्यांत गेली. कानोसा एक पाऊल पुढे आला, मग दुसरं, मग कपाटाचं दार उपटून निघालं आणि पडदा लाल झाला.

"मी हललो नव्हतो," मालक म्हणाले.

भिंगानं नुसतं बोटाकडे बोट दाखवलं. मालकांनी आपल्या हाताकडे बघितलं. तो अजून बटणावरच होता.

ते पुन्हा बसले. आता त्यांना माहीत होतं, तरी दुसऱ्या वेळीही धरलंच. तिसऱ्या वेळी सोडलं, कानोसा गेला, आणि मालकांनी इतका मोठा श्वास सोडला की नकाशेवालीला हसू आवरेना.

"हे चांगलं झालंय गं," ते तिला म्हणाले. मग दिवा लावून म्हणाले, "मंगळवार नको. पुढचा सोमवार. दुरुस्त करा. भिंगराव, कागद त्यानंतर."

भिंगाची खुर्ची राहिली. आवाजवाल्यानं बाहेर आल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारली. "भिंग्या, वायरचं कर्ज फिटलं तुझं." भिंगाला मात्र मोकळं वाटेना. खिशातली वही टोचत होती.

दुपारी तो नकाशेवालीच्या टेबलाशी गेला आणि वही तिच्यासमोर ठेवली.

तिनं वाचली. सावकाश, प्रत्येक ओळ. "काळं जाकीट घातलेली व्यक्ती. बुधवारी संध्याकाळी मी दातांच्या डॉक्टरकडे होते."

"मग टेबलापाशी कोण होतं?"

"तुमच्या टेबलामागे खुंटी आहे. तिच्यावर तुमचंच जाकीट असतं. काळं."

भिंगानं मान वळवून बघितलं. जाकीट पाठमोरं लटकत होतं.

"हसत होतो, कारण आवाजवाले तुमची नक्कल करत होते. थांबलो, कारण तुम्ही आलात. कीबोर्ड झाडूवाल्या मावशींनी पुसला." तिनं वही मिटली. "एकदा विचारलं असतंत तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"मग मला काय कळलं असतं?"

तिनं वही रागानं त्याच्याकडे सरकवली. "पोच्याचं तरी विचारायचं होतं," ती म्हणाली. "मी दोन महिने मागितले होते. नवा बोगदा कागदावर काढलेला तयार आहे, दाखवू? मालक म्हणाले, सातवं दालन रंगवून घे, कोण बघतंय. मी नाही म्हटलं, दोनदा लेखी. मग रंगवलं. रडत रडत रंगवलं. आणि तुम्ही पहिल्या नंबरला लिहिलंत, समोर माझं नाव."

दोष खरा होता, तो खोडता येणार नव्हता. पण दोषासमोर ज्याचं त्याचं नाव लिहायची पद्धत होती, आणि तिथे चुकीचं नाव लागलं होतं. अकरा वर्षं भिंती तपासल्या. भिंत तशी का उभी राहिली, हे त्यानं कधी तपासलं नव्हतं.

"हे मी सांगितलं असं लिहू नका," ती म्हणाली. "मला अजून इथे काम करायचंय."

"नाही लिहिणार."

शुक्रवारी दुरुस्ती झाली. भिंगानं कागद नव्यानं लिहिला. गुणांत भर घातली: ‘कानोसे. हात थरथरतो. असं मूळ गेममध्ये काही नव्हतं.’ दोषांत पोचा, जुने सैनिक, लिफ्ट, शेवटचा राक्षस, सगळं तसंच ठेवलं. फक्त पोच्यासमोरचं नाव काढलं आणि लिहिलं, ‘कारण: नवा बोगदा करण्यासाठी मागितलेला वेळ दिला गेला नाही.’ सहीची जागा दुरुस्ती तपासून होईपर्यंत मोकळी ठेवली आणि कागद मालकांसमोर नेऊन ठेवला.

मालकांनी वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे कोणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग कशावरून?"

"मला संशय आहे," भिंग म्हणाला.

मालकांनी चष्मा काढला. "संशयाचं काय ठरलं होतं आपलं?"

"दाखवता आला तरच लिहायचा."

"मग?"

"दाखवतो. दुसऱ्या टप्प्याचा जेवढा लेखी पत्रव्यवहार झालाय तो सगळा काढायला सांगा. तुमच्यासमोर बसून वाचू."

खाली फोम कापणारी करवत चालू होती. मालकांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. चार दिवसांपूर्वी वाचलेली खुर्ची पुन्हा तराजूत टाकलीय, हे भिंगाला चांगलं कळत होतं.

"पत्रं नकोत," मालक शेवटी म्हणाले. "ओळ राहू दे." मग चष्मा लावत, कागदातून मान वर न करता म्हणाले, "तिच्याकडे तो बोगदा कागदावर तयार आहे म्हणे. पुढच्या भागासाठी किती वेळ लागेल, विचारा तिला. मी विचारलं तर कमी सांगेल."

भिंग बाहेर आला. नकाशेवालीनं मान वर केली. त्यानं तिला निरोप सांगितला, आणि ती काही बोलायच्या आत म्हणाला, "दोन म्हणू नकोस. तीन म्हण. दोनाचे दीड करतात."

"तीन मागितले असं कळलं तर संशय घेतील, दादा."

"घेऊ देत," भिंग म्हणाला आणि आपल्या टेबलाशी गेला. दुरुस्त केलेला गेम त्याच्यासाठी येऊन पडला होता. बदल एका ओळीचा होता. पण एका ओळीच्या बदलानंही कुठलीतरी भलतीच भिंत उसवते. त्यानं पहिला टप्पा उघडला आणि उजवा खांदा भिंतीला लावला.